दोष आढळला नाही

१

लोकांना ऊन कळत नाही, असं मीटरसाहेबांचं ठाम मत होतं. सोलर पॅनेल बसवून घेतात, पाहुणा आला की त्याला आधी गच्चीवर नेऊन दाखवतात, आणि चार महिन्यांनी "वीज कमी येते हो" म्हणून गळा काढतात. जाऊन बघावं तर पॅनेलवर बोटभर धूळ, नाहीतर शेजाऱ्यानं पाण्याची नवी टाकी चढवलेली, नाहीतर घरच्याच कुणीतरी पॅनेलच्या कडेला चादर वाळत घातलेली. साहेब ती चादर दोन बोटांत धरून उचलायचे, मालकाच्या हातात द्यायचे आणि एक शब्द न बोलता खाली उतरायचे. त्या न बोलण्यानं माणसाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मीटरसाहेब हे नाव कंपनीतल्या लोकांनी पाठीमागे ठेवलेलं. साहेबांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. अठरा वर्षं ते पॅनेलची तपासणी करत होते. तपासणीच्या अहवालात शेवटी दोन चौकटी असायच्या, 'दोष आढळला' आणि 'दोष आढळला नाही', आणि खाली एक ओळ, 'कारण'. ती कारणाची ओळ साहेबांनी अठरा वर्षांत एकदाही कोरी सोडली नव्हती.

कंपनीत आणखी एक तपासणारा होता. त्याच्याजवळ बारा यंत्रं असली तरी हात पहिल्यांदा पकडीकडेच जायचा, म्हणून त्याला सगळे पक्कड म्हणत. या पकडीनं एकदा अहवालात 'कारण समजले नाही' असं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. साहेबांनी तो कागद भर ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवला, दोनदा. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी चष्मा पुसून घेतला. तेव्हापासून पक्कड साहेबांचे जुने अहवाल घरी नेऊन वाक्यंच्या वाक्यं वहीत उतरवून घ्यायचा. साहेब म्हणायचे, "घे, घे. दगडालासुद्धा पाण्यानं खाच पडते."

२

एका घरी बोलावणं आलं ते तिथल्या म्हातारीच्या लेकीकडून. साहेब पायऱ्या चढून दारात आले तेव्हा ती बाहेरच उभी होती, आणि दार मागे ओढून हळू आवाजात बोलायला लागली.

"साहेब, आत जायच्या आधी सांगते. आई इथे एकटी असते. गेलं वर्षभर म्हणतेय, गच्चीवर दुपारी कुणीतरी बसतं, म्हणून पॅनेलची वीज पडते. बघायला म्हणून रोज भर उन्हात वर जाते. बहात्तर वर्षांची आहे. पडली तर कुणाला कळणारसुद्धा नाही."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"ते म्हणतात, वय आहे. मी एका वृद्धाश्रमात जागा धरून ठेवलीय. पण ती घर सोडायला तयार नाही. शेवटी आमच्यात असं ठरलं, की मीटर लावून बघायचं. यंत्रात खरंच काही निघालं तर ती इथेच राहील, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही निघालं तर तिनं माझं ऐकायचं." तिनं डोळे टिपले. "मला तिला न्यायची हौस नाही हो. पण तुमचा कागद काय म्हणेल तो म्हणेल."

साहेबांना हे बरं वाटलं. त्यांच्या कागदाला कुणीतरी योग्य तो मान देत होतं.

आई आत टेबलाशी बसली होती. गणिताच्या बाई म्हणून निवृत्त झालेली, ताठ, आणि चष्म्याच्या वरून बघणारी.

"किती वर्षं करताय हे काम?"

"अठरा."

"मग अजून शिकायला वेळ आहे," बाई म्हणाल्या आणि एक आलेखाची वही त्यांच्यापुढे सरकवली.

छपरावर बारा पॅनेल होते, एका ओळीत. प्रत्येकाच्या पाठीला एक छोटी डबी, आणि ती डबी त्या पॅनेलच्या विजेचा आकडा फोनवर पाठवायची. बाईंनी वर्षभर रोज तो आकडा टिपून ठेवला होता. रोज बारा वीस ते एक, एका पॅनेलची वीज तिसऱ्या हिश्श्यावर यायची, बाकीचे अकरा व्यवस्थित. आधी हे बाराव्या पॅनेलवर व्हायचं, पार टोकाला, कठड्याजवळ. मग अकराव्यावर. मग दहाव्यावर. एकेका पॅनेलला साधारण दीड महिना. आता चौथ्यावर आलं होतं.

"आणि पहिला कुठं आहे?" साहेबांनी विचारलं, उगाच.

"जिन्याच्या दाराला लागून."

"तुम्ही म्हणता, कुणीतरी बसतं."

"ते मी लेकीला सांगते. आकडे सांगितले की ती जांभया देते." बाईंनी वही मिटली. "तुम्हाला मी आकडेच सांगतेय. तुम्ही जांभई देणार नाही अशी आशा आहे."

उंटावरचे शहाणे साहेबांनी पुष्कळ पाहिले होते, पण ही बाई उंटासकट घरात बसली होती. ते पेटी उचलून वर गेले.

३

अकरा वाजता गच्चीवर सगळं ठीक होतं. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. पॅनेल स्वच्छ होते, म्हातारीनं पुसले असणार. आसपास झाड नाही, टाकी नाही, उंच इमारत नाही. साहेबांनी जोडण्या पाहिल्या, तारा पाहिल्या, एकेक पॅनेल सुटा करून मोजला. चौथा पॅनेल बाकीच्यांइतकाच धट्टाकट्टा होता.

मग त्यांनी अदलाबदल केली. ही त्यांची आवडती परीक्षा. चौथ्या जागेवरचा पॅनेल डबीसकट काढून आठव्या जागी बसवला, आणि आठवा चौथ्या जागी. नवीन लोकांना ते तोऱ्यात सांगायचे, "दोष वस्तूबरोबर गेला, तर वस्तूत आहे. जागेवर राहिला, तर सावली आहे. तिसरं काही नसतं. तिसरं ज्याला दिसतं, त्यानं दुसरा धंदा बघावा."

घामानं शर्ट पाठीला चिकटला. जिन्याच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून ते पाणी प्याले. फोनवर बारा आकडे शेजारी शेजारी दिसत होते, सगळे साडेतीनशे वॅटच्या आसपास.

बारा वीसला चौथ्या जागेचा आकडा एकशेवीस झाला.

म्हणजे सावली. साहेब हसले. म्हातारीच्या वर्षभराच्या वहीला त्यांनी सव्वा तासात निकालात काढलं होतं. आता ती सावली कशाची आहे एवढं बघायचं, अहवालात लिहायचं, आणि जेवायला जायचं.

ते उठून चौथ्या पॅनेलपाशी गेले. काच लखलखत होती, तिसऱ्यासारखी आणि पाचव्यासारखीच. सावली नव्हती.

त्यांनी मान वर केली, मग मागे वळले, मग खाली वाकून पॅनेलच्या पाठीमागे पाहिलं. मग पेटीतून उजेड मोजायचं यंत्र काढून पाचव्या पॅनेलवर ठेवलं. साडेनऊशे. भर दुपारी असतो तितका. तेच यंत्र चौथ्यावर ठेवलं.

दोनशे ऐंशी.

यंत्राला शिवी देऊन त्यांनी दुसरं काढलं. ते नवं होतं, मागच्याच महिन्यात तपासून आणलेलं. पाचव्यावर साडेनऊशे, चौथ्यावर दोनशे ऐंशी. डोळ्यांना लख्ख ऊन दिसत होतं आणि यंत्राला तिथं संध्याकाळ दिसत होती.

४

माणसाच्या डोळ्यावर साहेबांचा कधीच विश्वास नव्हता, आज पहिल्यांदा त्यांना तो ठेवावासा वाटला. पण हात सवयीचे गुलाम. हातांनी उष्णता दाखवणारा कॅमेरा काढला आणि चौथ्या पॅनेलवर धरला.

पडद्यावर तापलेली काच पिवळी दिसत होती आणि तिच्या मधोमध एक गार, निळा डाग होता. खाली रुंद, मध्ये थोडा आत गेलेला, वर गोल. साहेब बराच वेळ त्याच्याकडे एक डाग म्हणून बघत राहिले. डाग काय, कसलाही दिसतो. भिंतीच्या ओलीतसुद्धा लोकांना तोंडं दिसतात, आणि अशा लोकांना ते आयुष्यभर हसत आले होते. पण गुडघे पोटाशी घेऊन, त्यांच्याकडे पाठ करून कुणी बसलं तर असंच दिसेल, हे एकदा डोक्यात आलं ते जाईना.

त्यांनी कॅमेरा खाली केला. नुसती काच. त्यांनी शेवटी काचेवर तळहात ठेवला. शेजारच्या काचेवर पोळून निघाला असता. इथे ती ओट्याखालच्या फरशीसारखी गार होती. त्यांनी हात ओढून घेतला आणि पँटवर पुसला, दोनदा.

तेवढ्यात पॅनेलखालचं लोखंडी स्टँड कुरकुरलं. पलंगावरून कुणी उठल्यावर पलंग कुरकुरतो तसं, एकदाच. लोखंड तापलं की प्रसरण पावतं, हे साहेबांनी मनात स्वतःलाच ऐकवलं. शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.

फोन पाहिला. चौथ्याचा आकडा साडेतीनशेवर आला होता. तिसऱ्याचा एकशेवीस झाला होता.

बारा पस्तीस झाले होते. बाईंच्या वहीत एका पॅनेलवरून दुसऱ्यावर यायला दीड दीड महिना लागला होता.

साहेबांनी यंत्रं पेटीत भरली. शांतपणे भरली, कारण घाई करायला ते काही म्हातारी बाई नव्हते. फक्त कॅमेऱ्याचं झाकण लागेना, ते तसंच टाकलं. तिसऱ्या स्टँडचा आवाज झाला. नंतर दुसऱ्याचा. त्यांनी पेटी उचलली, जिन्यात शिरले आणि दार ओढून कडी घातली.

अर्ध्या जिन्यात असताना वर कडी निघाल्याचा आवाज आला. वारा असेल, ते म्हणाले. आतून घातलेली कडी वाऱ्यानं निघत नाही, हे त्यांनी स्वतःला ऐकवलं नाही.

५

जिना खालच्या अरुंद बोळकंडीत उतरत होता. बाई तिथेच उभ्या होत्या. साहेबांना वाट द्यायला त्या भिंतीला चिकटल्या. साहेब पेटी आडवी धरून त्यांच्या अंगावरून पुढे गेले आणि वळून बघतात तर बाई अजून तशाच भिंतीला चिकटलेल्या. पोट आत घेतलेलं, मान वळवलेली. दुसरं माणूस जाईपर्यंत आपण थांबतो, तेवढाच वेळ त्या थांबल्या. मग सुटल्या.

"किती आला?" त्यांनी विचारलं.

"काय किती आला?"

"आकडा."

लेक बाहेरच्या खोलीतून उठून आली होती आणि साहेबांच्या तोंडाकडे बघत होती. आता हे घर राहणार की जाणार, ते साहेबांच्या पुढच्या वाक्यावर होतं, आणि तिघांनाही ते ठाऊक होतं.

साहेब टेबलाशी बसले. अहवालाचा कागद काढला. खरं म्हणजे सोपं होतं. 'दोष आढळला' या चौकटीत खूण करायची आणि पुढे दोनशे ऐंशी लिहायचं. पण त्या खाली कारणाची ओळ होती. त्या ओळीत काय लिहायचं? 'समजले नाही'? तो कागद ऑफिसात जाणार होता. पक्कड तो वाचणार होता, कदाचित मोठ्यानं, कदाचित दोनदा. साहेबांना त्याचं तोंड दिसलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

बाई समोर येऊन बसल्या. त्यांचा आवाज आता मघासारखा बोचरा नव्हता.

"आकडा लिहा. कारण लिहू नका. मला कारण नकोच आहे. तुम्ही मोजलंत तेवढंच लिहा."

लेकीनं साहेबांकडे पाहिलं. आईच्या पाठीमागून, भुवया किंचित वर करून, बघितलंत ना, अशा अर्थानं. आणि साहेबांनीही तिच्याकडे तसंच पाहिलं. शहाण्या माणसांनी एकमेकांकडे बघावं तसं. ते फार सोपं गेलं.

त्यांनी 'दोष आढळला नाही' वर खूण केली. कारणाच्या ओळीत लिहिलं, 'ग्राहकाचा समज.' खाली सही ठोकली.

बाईंनी कागद उलटा होता तसाच वाचला. पस्तीस वर्षं वह्या तपासल्यावर तेवढं येत असणार.

"पोरांचं उत्तर चुकलं तर मी कधी नापास केलं नाही," त्या म्हणाल्या. "आलेलं उत्तर खोडून दुसऱ्याचं लिहिलं, तर करायचे." मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "चल, बॅग काढ. ठरलंय ते ठरलंय."

बाहेर पडल्यावर साहेबांना चीड आली. म्हातारीनं शेवटचा शब्द घेतला होता याची.

६

महिन्याभरानं लेकीचा फोन आला. आई वृद्धाश्रमात आहे, फारशी बोलत नाही, पण शांत आहे. घर भाड्यानं दिलंय. आणि गंमत म्हणजे तुम्ही आलात त्या दिवसापासून बाराही पॅनेल एकदम छान चाललेत, दुपारीसुद्धा. "तुम्ही म्हणालात तेच खरं निघालं, साहेब."

"आम्ही म्हणतो ते खरंच असतं," साहेब म्हणाले, आणि फोन ठेवून लगेच त्यावर पॅनेलचे आकडे उघडले.

कारण त्यांच्या स्वतःच्या घरावर दहा पॅनेल होते. आणि गेला महिनाभर त्यातल्या एकाचा आकडा रोज बारा वीसला पडत होता.

आधी तो दहावा होता, टोकाचा. साहेबांनी त्याला धूळ म्हटलं आणि पुसून घेतला. तिसऱ्या दिवशी नववा. त्याला त्यांनी डबी बिघडली म्हटलं आणि नवी बसवली. मग आठवा. इथे दीड महिना लागत नव्हता, तीन दिवस पुरत होते. सातव्याला ते काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी अदलाबदल करून पाहिली आणि दोष जागेवर राहिला, म्हणजे सावली, म्हणून पुन्हा मान वर करून रिकामं आकाश पाहिलं. त्याच वेळी त्यांच्या लक्षात आलं, की अदलाबदल नीट मांडायची तर आणखी एक वस्तू त्या गच्चीवरून या गच्चीवर आली होती. पॅनेल तिथेच राहिले होते, डब्या तिथेच राहिल्या होत्या, पेटीतली यंत्रं तर ऑफिसातल्या कपाटात होती. हललेली वस्तू एकच होती, आणि दोष तिच्याबरोबर आला होता. परीक्षा त्यांचीच, अठरा वर्षांची, कधी न चुकलेली.

ते दुपारी कामावरून घरी यायला लागले. बायको जेवायला वाढायची आणि हे ताट सोडून वर. खाली आले की हात पुसत असायचे.

"अहो, वर कोण असतं?" एक दिवस तिनं विचारलं.

"कोण असणार?"

"मग बोलता कुणाशी?"

आपण बोलतो हे त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या पॅनेलची पाळी आली त्या दिवशी त्यांनी तिला सगळं सांगितलं. वही, आकडे, गार काच, सगळं. ती भाजी निवडत ऐकत होती. अध्येमध्ये हं म्हणत होती. शेवटी तिनं त्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "आपण कंपनीतून माणूस बोलावू. मीटर लावून बघू दे त्याला. काही निघालं तर प्रश्नच नाही. आणि नाही निघालं, तर माझं ऐकायचं. माझ्या भावाच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, आठ-पंधरा दिवस त्यांच्याकडे राहायचं. चालेल?"

साहेबांनी ही अट आधी एका दारात ऐकली होती. पण त्यांनी मान हलवली. यंत्र खोटं बोलणार नव्हतं.

७

पक्कड आला. येताना पकडीबरोबर सगळी यंत्रं घेऊन आला होता, कारण साहेबांच्या घरी यायचं म्हणजे त्याला परीक्षाच होती. साहेब खाली बसून राहिले. कधी नव्हे ते त्यांनी पकडीच्या कामात नाक खुपसलं नाही. फोन हातात होता. बारा वीसला पहिल्या पॅनेलचा आकडा पडला, जिन्याच्या दाराला लागून असलेल्या. वर पकडीची पावलं वाजत होती, ती पहिल्या पॅनेलपाशी थांबली. बराच वेळ थांबली.

पक्कड खाली आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं आणि तो उजवा तळहात पँटवर पुसत होता. एकदा. मग पुन्हा एकदा.

साहेब रडायच्या बेतात आले. दिसलं याला. त्यांनी ज्याला कधी माणसात धरलं नव्हतं, त्याच्या हाताकडे ते आता आशेनं बघत होते.

"किती आला?" त्यांनी विचारलं.

पकडीनं पेटी खाली ठेवली. कागद काढला, पेन काढलं. पेन कारणाच्या ओळीवर थांबलं.

"आकडा लिही," साहेब म्हणाले. "कारण लिहू नकोस. तू मोजलास तेवढा आकडा लिही. मी हात जोडतो तुझ्यापुढे."

पकडीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या बायकोकडे. तिनं भुवया किंचित वर केल्या. साहेबांना ते बघणं ओळखीचं होतं.

"साहेब, कारणाची ओळ कोरी ठेवायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत," पक्कड म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता. घाबरला होता बिचारा, आणि घाबरल्यावर माणूस पाठ केलेलं म्हणतो. त्यानं खूण केली, वहीत उतरवून घेतलेलं वाक्य मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं आणि सही केली. 'ग्राहकाचा समज.'

मग पेटी उचलून तो घाईघाईनं दाराकडे निघाला. साहेब उठले आणि भिंतीला चिकटून उभे राहिले. पोट आत घेतलं, मान वळवली. पक्कड त्यांच्या अंगावरून पुढे गेला. साहेब तसेच थांबले. त्याच्यामागून दुसरं कुणीतरी जाईल, जाऊ दे, त्याच्या घरी जाऊ दे, एवढंच त्यांच्या मनात होतं आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही. ते थांबले, थांबले. दारापाशी बायको आणि पक्कड वळून त्यांच्याकडे बघत होते.

कुणी गेलं नाही.

साहेबांनी फोन पाहिला. बारा चाळीस. दहाही पॅनेल साडेतीनशेवर होते. छपरावर आता काही नव्हतं.

पकडीची गाडी निघून गेली. बायको आत आली, टेबलावरचा कागद घडी करून तिनं पर्समध्ये ठेवला. "बॅग भरते तुमची," ती म्हणाली आणि जाता जाता टेबलाजवळची खुर्ची आत सारायला तिनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. खुर्ची खिडकीतल्या उन्हात होती. तिनं चटकन हात मागे घेतला. खुर्चीकडे पाहिलं. मग हात साडीला पुसला, दोनदा.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"कुठं काय," ती म्हणाली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. "काही नाही."

आणि खुर्चीला लांबून वळसा घालून ती बॅग काढायला आत गेली.